ओल्या भिंतीची माळीण

ग्रुनोबाई दार लावून घेते आणि घराच्या भिंतीला पाणी घालते, अशी आमच्या ग्रॅसनिक रस्त्यावर कुजबुज होती. कुजबुज कसली, चांगलं मोठ्याने बोललं जायचं. फक्त बाई जिन्यात दिसली की आवाज उतरायचा. कुणी म्हणे झारीने घालते. कुणी म्हणे तोंडात गुळणी धरून फवारते, इस्त्रीवाल्या बायका कपड्यांवर फवारतात तशी. कोपऱ्यावरच्या गुत्त्यात एका सुताराने तर बिअरच्या पेल्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की त्याने दाराच्या फटीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दाराला फट नव्हती. मला ठाऊक आहे, कारण चौकटीभोवतीचा गिलावा माझ्या हातचा.

तिचं नाव ओटिली. पण त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता आणि तो समुद्रापलीकडे होता. आम्ही मोठी माणसं ग्रुनोबाई म्हणायचो. अंगणातली पोरं ती दिसली की ओरडायची, "माळीणबाई, माळीणबाई, भिंतीला फुलं कधी?" ती कधी चिडली नाही. एकदा जिन्याच्या पायरीवर थांबून म्हणाली, "यंदा कळ्या धरल्यात. तोडू नका म्हणजे झालं." पोरं पांगली. चिडवल्यावर न चिडणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे पोरांना कळत नाही. मोठ्यांनाही कुठे कळतं!

आता भिंतीला पाणी कशाला घालायचं? तर ती सुकू नये म्हणून. आणि ती सुकू नये असं कुणाला का वाटावं, हे हल्ली विजेच्या दिव्याखाली बसणाऱ्यांना सांगावं लागतं. अठराशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत बर्लिन तापल्या दुधासारखं वर येत होतं. लढाई नुकतीच जिंकलेली, काल जिथे कोबी होता तिथे आज पाच मजले. पण पाच मजले कितीही झटपट चढवा, चुन्याला कुणाची घाई कळत नाही. तो त्याच्या चालीने सुकतो. ओल्या घरात ऐपतीचा भाडेकरू येत नाही. भिंतीला लावलेला रंगीत कागद गळून पडतो, बायको खोकते, सासू टोमणे मारते. मग मालक काय करी? ज्यांना कुठेच थारा नाही अशांना अर्ध्या भाड्यात आत घेई. त्यांनी शेगडी पेटवायची, बटाटे उकडायचे, आणि श्वास घ्यायचा. माणसाच्या श्वासाने चुना पक्का होतो, कुठल्याही गवंड्याला विचारा. तीन महिन्यांत भिंती कोरड्या झाल्या, की यांनी गाशा गुंडाळायचा आणि पुढच्या ओल्या घरात जायचं. आम्ही त्यांना सुकवणारे म्हणत असू. घर सुकवायचं, आणि घर राहण्यासारखं झालं की निघायचं.

ओटिली ग्रुनो अशी सुकवणारी होती.

आमचा एकतीस नंबर बांधला तो ब्रोझेशेठने. ब्रोझे मूळचा कोबीवाला. कोबीचं शेत शहराने गिळलं तसा तो मालक झाला, आणि डोक्यावर उंच टोपी आली. टोपी नवीन, पण चालताना पाऊल वाफ्यावर पडू नये असं जपून टाकायचा. स्वभावाने वाईट नव्हता. घाईचा होता. एप्रिलच्या एक तारखेला सगळं शहर घरं बदलतं, तेव्हा एप्रिलच्या एक तारखेला घर भरलंच पाहिजे. "मिस्त्री, एक एप्रिल!" हे तो आम्हाला नोव्हेंबरपासून सांगत होता. पुढची इमारत झाली, मागची झाली, राहिली मागच्या इमारतीतली चौथ्या मजल्यावरची उत्तरेकडची एक खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. आणि नेमकी फेब्रुवारीत अशी थंडी पडली, की घमेल्यातला चुना थापीवर यायच्या आत गोठायचा. गोठलेला चुना भिंतीवर बसत नाही, उन्हं आली की पोपडे होऊन अंगावर येतो. मी म्हटलं, "शेठ, पंधरा दिवस थांबू." शेठ म्हणाला, "वेन्झेलमिस्त्री, कोबी थंडीत गोडच होतो." घाई त्याची, उपाय माझा. खोली वेळेत झाली.

एक एप्रिलला रस्ताभर हातगाड्या. त्यात एक गाडी ओढत ही बाई आली. एकटीच. गाडीवर एक पलंग, एक टेबल, कोटांचा गठ्ठा, कारण ती एका दुकानासाठी कोटांची काजं करायची; शिवाय रजईत गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ, आणि टोपलीत एक करडा ससा. वय असेल एकोणतीस-तीस. मी उरलेली अवजारं न्यायला वर गेलो होतो. ती खोलीत आली, सामान ठेवायच्या आधी भिंतीपाशी गेली आणि नाक लावून वास घेतला.

"रुडर्सडॉर्फचा चुना," ती म्हणाली. "माल चांगला आहे. पण लावलाय घाईत."

"बाई," मी म्हटलं, "ते नाक आहे की ओळंबा?"

"चार घरं सुकवलीत मी एका वर्षात. नाकालाच आधी कळतं." मग पलंग तिने खोलीच्या मध्यावर ओढला, टेबल त्याला चिकटवून ठेवलं. सुकवणारे भिंतीला काही टेकवत नाहीत; त्यांचं सगळं घर पाण्यातल्या बेटासारखं मधोमध असतं. घड्याळाचं गाठोडं पलंगावर ठेवून ती म्हणाली, "मिस्त्री, एक विचारू? या भिंतीत खिळा कधी मारता येईल?"

"भिंत सुकली की. तीन महिने धरा. पण भिंत सुकली की तुम्ही जाणार. मग खिळा मारून करणार काय?"

"तेच तर विचारत्येय," ती म्हणाली, आणि हसली. त्या हसण्यात हसू फार नव्हतं.

घड्याळ तिच्या नवऱ्याचं. आल्विन ग्रुनो, पोमेरानियाचा गवंडी, हात चांगला, पाय मात्र एका जागी न ठरणारे. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच बातमी आली की अमेरिकेत शिकागो नावाचं शहर जळून गेलंय आणि ते पुन्हा बांधायला गवंडी हवेत, मजुरी दुप्पट. आल्विन निघाला. "तुझं तिकीट पाठवतो, घड्याळ मात्र सांभाळ," म्हणाला. एक पत्र हांबुर्गहून आलं, एक न्यूयॉर्कहून. मग काही नाही. आणि दर तीन महिन्यांनी ही नव्या घरात, नव्या पत्त्यावर. प्रत्येक वेळी ती पत्र टाकायची की मी आता इथे आहे. ते पत्र समुद्र ओलांडून उत्तर येईपर्यंत ती तिथे नसायची.

हे सगळं मला तिने सांगितलं नाही. दारवानीण कुल्काबाईने सांगितलं. कुल्काबाई तळमजल्यावर राहायची आणि तिला पाचव्या मजल्यावर कुणाच्या पातेल्यात वाटाणा शिजतोय की मसूर, हे ऐकू यायचं. मला ती बाई फार आवडायची. अशी माणसं रस्त्याला हवीतच, नाहीतर रस्ता म्हणजे नुसते दगड.

जूनमध्ये आमचा पोस्टमन रेट्टिग जिना चढून आला. त्याच्या हातात पत्र नव्हतं. तो दारात टोपी काढून उभा राहिला तसं मी, शेजारच्या खोलीत खिडकीचा कोपरा दुरुस्त करत होतो तो, थापी खाली ठेवली.

"ग्रुनोबाई, आधी तुम्ही म्युलर रस्त्याला होतात ना, बावीस नंबरला? तिथला पोस्टमन काल बोलता बोलता म्हणाला. एप्रिलमध्ये तुमचं पत्र आलं होतं. अमेरिकेचं. जाड होतं म्हणे."

"मग?"

"तिथल्या दारवानाने वर लिहिलं, 'निघून गेली, पत्ता माहीत नाही.' परत गेलं."

"जाड होतं?" ती म्हणाली.

"असं तो म्हणाला बुवा."

जाड पत्र म्हणजे आत काहीतरी होतं. तिकीट असणार, दुसरं काय? तिने रेट्टिगला आत बोलावलं, जवाची कॉफी दिली, त्याची बायको कशी आहे विचारलं. तो गेल्यावर पलंगावर बसली आणि सशाला मांडीवर घेऊन त्याच्या कानाच्या मागे खाजवत राहिली. मी खोटं कशाला बोलू, दार उघडं होतं आणि मला डोळे आहेत. मग कोटांचा गठ्ठा बाजूला सारून तिने कागद काढला. काय लिहिलं तेही पुढे मला कळलं, कारण पत्र टाकायला कुल्काबाईच्या हाती दिलं होतं. "ग्रॅसनिक रस्ता, नंबर एकतीस, मागची इमारत, चौथा मजला. आता हाच पत्ता. तुझं उत्तर येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

सुकवणाऱ्या बाईने हे लिहायचं! जसं पाहुण्याने लिहावं की मी आता इथेच लग्नाचा वाढदिवस करीन. जुलैच्या एक तारखेला तिला निघायचं होतं.

जुलै आला. ब्रोझेशेठच्या बाकीच्या भिंती खडखडीत वाळल्या. सुकवणारी बिऱ्हाडं गेली आणि मागच्या इमारतीतही रेल्वेचे कारकून, शिंपी, एक ट्रॉम्बोन वाजवणारा असे पक्के भाडेकरू यायला लागले. कुल्काबाई प्रत्येक खोलीत जाऊन सिगारेटचा पातळ कागद भिंतीला दाबून बघायची. कागद कुरकुरीत सुटला की भिंत पास. ग्रुनोबाईच्या खोलीत कागद भिंतीला असा चिकटला, जसा बुडता माणूस फळकुटाला.

"अजून ओली?" कुल्काबाई म्हणाली.

"अजून ओली," ग्रुनोबाई म्हणाली. तिने तोंड गंभीर ठेवलं होतं, पण कुल्काबाईच्या म्हणण्याप्रमाणे कानाच्या पाळ्या हसत होत्या.

शेठने तिला आणखी तीन महिने ठेवलं. दुसरं करतो काय? ओली खोली रिकामी ठेवली तर आणखी ओली होते. पण ऑगस्ट संपला तरी तेच. कडक ऊन पडलं की भिंत जरा पांढुरकी व्हायची, ढग आले की पुन्हा काळे डाग. बाकी घर कोरडं आणि ही एकच खोली, एकच बाई. तोवर तिच्या पत्राची गोष्ट गुत्त्यापर्यंत आली होतीच. तिथे एका संध्याकाळी, हेरिंग आणि बटाटे खाताना, कुणीतरी थट्टेने म्हणालं, "अरे, तिला घर सोडायचं नाही. पाणी घालत असेल भिंतीला!" सगळं टेबल हसलं. दोन दिवसांत ती थट्टा राहिली नाही. आठवड्यात त्या गोष्टीत झारीही आली.

ब्रोझेशेठचा तिळपापड झाला. त्याचं एक मोठं गिऱ्हाईक ठरत आलं होतं. व्हिएन्नाचा शेअरबाजार तेव्हा नुकताच कोसळला होता, इथेही लोक घाबरून इमारती विकायला काढत होते, आणि शेठला वेळेत एकतीस नंबर विकून पुन्हा कुठेतरी शांतपणे कोबी लावायचा होता. पण ओल्या भिंतीची इमारत घेतो कोण? त्याने कुल्काबाईला कामाला लावलं. पाणी अंगणातल्या पंपावरून वर न्यावं लागे. कुल्काबाई पंपाशेजारी स्टूल टाकून बसली, विणकाम मांडीवर, खडू कानावर. ग्रुनोबाईने बादली नेली की भिंतीवर एक रेघ. सात दिवस सगळी इमारत त्या रेघांकडे बघत जात होती. ग्रुनोबाईही बघायची. एकदा बादली खाली ठेवून म्हणाली, "कुल्काबाई, कालची एक रेघ राहिली तुमची. सकाळची. तुम्ही पाव घ्यायला गेला होतात."

"अगं बाई, खरंच की!" कुल्काबाईने रेघ मारली, आणि मग तिच्या लक्षात आलं की चोरच आपल्याला हिशेब शिकवतोय.

सात दिवसांच्या अकरा रेघा झाल्या. ट्रॉम्बोनवाल्याच्या घरी दिवसाला तेवढ्या लागायच्या. भिंत मात्र तशीच. तेव्हा इमारत दोन तटांत विभागली. एक म्हणे ती चोरून दुसरीकडून पाणी आणते. दुसरा म्हणे ती पाणी घालतच नाही, भिंतीशी तोंड करून रडते आणि भिंत त्याने भिजते. यावर गुत्त्याचा मालक म्हणाला, "चौथ्या मजल्याची उत्तरेची आख्खी भिंत? एवढं पाणी बिअर पिणाऱ्याच्याही अंगात नसतं."

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेठने मला बोलावणं पाठवलं. वर गेलो तर शेठ टोपी हातात घेऊन उभा, ग्रुनोबाई टेबलापाशी, सुईत दोरा ओवलेला तसाच. ससा भिंतीच्या कडेला बसून गिलावा चाटत होता.

"मिस्त्री," शेठ म्हणाला, "भिंत तुमच्या हातची. तीन दिवसांनी गिऱ्हाईक येणार. आज मला सांगा, ही बाई पाणी घालते की नाही? घालत असेल तर एक तारखेला तिचं सामान रस्त्यावर. नसेल घालत, तर तुमच्या गिलाव्यात खोट आहे. मी तो उकरून काढीन, नवा करून घेईन तुमच्या खर्चाने, आणि एक तारखेला पक्का भाडेकरू आणीन."

म्हणजे बघा. काहीही बोललो तरी बाई बाहेर. ती माझ्याकडे बघत होती. विनवणी वगैरे नाही. दुकानात वजन करताना तराजूकडे बघतात तसं.

"शेठ," ती म्हणाली, "मला एक तिमाही द्या. फक्त पत्र येईपर्यंत. जाड पत्र आहे."

"बाई, पत्र काय कुठेही येतं!"

"कुठेही नाही येत हो," ती म्हणाली. "तेवढं मला कळलंय."

मी भिंतीपाशी गेलो. सशाला पायाने हळूच सारलं. बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, कान लावला, एक सुस्कारा सोडला. सुस्कारा मोठा असावा लागतो. मालक लोकांना त्यावर विश्वास बसतो.

"शेठ, ही बाजू उत्तरेची. समोर आडोसा नाही, पाऊसवारा थेट अंगावर. हिला अजून श्वास हवाय. एक सांगतो, ऐका नाहीतर सोडा. इथली शेगडी महिनाभर जरी बंद राहिली, तरी ओल तुळईत उतरेल. आणि मग लाकूड खाणारी बुरशी."

तो शब्द मी अगदी हलक्या आवाजात उच्चारला. बुरशी! इमारतीच्या धंद्यात हा शब्द म्हणजे जहाजावर 'आग' म्हणण्यासारखा आहे. शेठने दार लावून घेतलं.

"हळू बोला, मिस्त्री! गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर?"

"कशाला जाईल? ही खोली त्याला दाखवूच नका. म्हणावं, आत एक जुनी विश्वासू भाडेकरीण आहे, आजारी आहे. आणि बाईला काढू नका. ही श्वास चांगला घेते."

"किती दिवस?"

"भिंत सांगेल," मी म्हटलं.

शेठ गेला. जिन्यावर त्याची टोपी दोनदा भिंतीला आपटल्याचं ऐकू आलं. ग्रुनोबाईने हातातली सुई कोटांच्या गठ्ठ्यात खोचली. मग म्हणाली, "मिस्त्री, खरं सांगा. या भिंतीला खिळा पेलेल का?"

"ओल्या भिंतीत खिळा मारत नाहीत."

"माहीत आहे. पेलेल का?"

मी खिळा मारला. रजई सोडून आल्विनचं घड्याळ आम्ही दोघांनी लावलं. तिने लोलकाला बोट लावलं आणि ते चालू लागलं. दीड वर्ष ते घड्याळ पलंगावर झोपून होतं. तिने पलंगही ओढून खिडकीपाशी नेला. त्या खिडकीतून छपरांच्या पलीकडे हांबुर्गला जाणाऱ्या गाड्यांचा धूर दिसायचा. धूर दिसला की ती घड्याळाकडे बघून म्हणायची, "आज दहा मिनिटं उशीर."

शेठने इमारत विकली. नव्या मालकाला पुढच्या वर्षी खोलीचं कळलं, तेव्हा शेठने त्याच्याही कानात तोच शब्द सांगितला असावा, कारण तोही तिला काही बोलला नाही. त्यानंतरच्या मालकाला या मालकाने सांगितलं. अशी ती खोली कागदोपत्री कायमची 'सुकत असलेली' राहिली, आणि बाई तिच्यात राहिली, अर्ध्या भाड्यात. दर एप्रिलला नि दर ऑक्टोबरला रस्ताभर हातगाड्यांचा खडखडाट व्हायचा, माणसं पलंग डोक्यावर घेऊन पळायची. ती खिडकीत कोपर टेकून बसायची आणि घरं बदलणाऱ्यांकडे बघायची. जत्रेला न जाणारं माणूस जत्रेकडे बघतं तशी.

खिळा वर्षभरात गंजून खलास झाला. दुसऱ्या ऑक्टोबरच्या एक तारखेला तिने निरोप धाडला, घड्याळ तिरकं झालंय. मी जुना उपसला, वीतभर बाजूला नवा मारला. मग ती रीतच पडली. दर एक ऑक्टोबरला मी एक खिळा आणि हातोडी घेऊन चार जिने चढायचो, ती आलुबुखाराचा केक करायची. गुत्त्यात म्हणत, "मिस्त्री, आज वाढदिवस कुणाचा?" मी म्हणायचो, "खिळ्याचा." म्हणा हवं ते. माझ्या वयाला आता थट्टेचं काही वाटत नाही.

तिसऱ्या की चौथ्या खिळ्याच्या वेळची गोष्ट. मी शिडीवर होतो, पाठमोरा. काही गोष्टी बोलायला पाठमोरं असणं बरं पडतं. मी म्हटलं, "ग्रुनोबाई, आईची एक खोली माझ्याकडे आली आहे, पांको गावात. दक्षिणेकडची. पन्नास वर्षांच्या भिंती, हाडासारख्या कोरड्या. एकट्या माणसाला फार मोठी आहे."

खाली घड्याळ तिच्या मांडीवर होतं. लोलक तिने बोटात धरून ठेवला होता, तो सोडला.

"भिंती कोरड्या आहेत?" तिने विचारलं.

"कोरड्या."

"चांगली असेल खोली," ती म्हणाली. "पण पत्ता बदलेल ना हो, मिस्त्री."

मी शिडीवरून उतरलो. आम्ही केक खाल्ला. तिने मला दोन तुकडे जास्त दिले, आणि त्यावर मी आजतागायत राग धरून आहे. माणसाने एकतर हो म्हणावं नाहीतर केक तरी कमी गोड करावा.

शहात्तर साली पत्र आलं. रेट्टिग जिना धावत चढला, त्याच्या वयाला ते शोभत नव्हतं. मागोमाग कुल्काबाई, तिच्या मागे ट्रॉम्बोनवाला. अमेरिकेचे शिक्के, चांगलं जाड पाकीट. ग्रुनोबाईने हात पुसले, कात्रीने कडा कापली. आत तिचीच पत्रं होती, या पत्त्यावरून धाडलेली. पाच. एकही उघडलेलं नाही. प्रत्येकावर तिकडच्या पोस्टाने लिहिलं होतं की या नावाचा गवंडी इथे होता, दुसऱ्या कामावर गेला, पत्ता माहीत नाही. घरं बांधणाऱ्यालाही घर नव्हतं, तोही तिच्यासारखाच या इमारतीतून त्या इमारतीत.

रेट्टिग टोपीची कड बोटांनी चाळवत होता. ग्रुनोबाईने पाचही पत्रं तारखेप्रमाणे लावली, पलंगाखालच्या पेटीत ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं. निदान पोस्टाला माझा पत्ता नीट पाठ झाला." मग रेट्टिगला म्हणाली, "बसा, कॉफी घ्या. चार जिने चढलात."

त्या दिवशी सहावं पत्र गेलं. पत्ता तोच.

पुढची एकोणीस वर्षं मी दोन ओळींत सांगू शकतो आणि तुम्ही मला माफ करणार नाही, पण दुसरं सांगण्यासारखं फार नाही. एका सशामागून दुसरा आला. सगळे भिंत चाटायचे, याचंही पोरांनी कौतुक केलं, माळिणीचा ससा पाणी पितो म्हणून. तिच्या बोटांचे सांधे सुजले, काजं बारीक जमेनात, तेव्हा ती बटणं लावायला लागली. हिवाळ्यात तिचा खोकला अंगणात ऐकू यायचा. कुल्काबाई म्हणायची, "बाई गं, कर की पाणी घालणं बंद! मरशील एक दिवस." ग्रुनोबाई म्हणायची, "बंद केलं तर काढतील." ती थट्टा करत होती. कुल्काबाईला ती कबुली वाटली, आणि तिने ती पाचही मजल्यांवर पोचवली.

पंच्याण्णव सालच्या मार्चमध्ये ती गेली. त्या सकाळी रेट्टिगच्या जागी आलेला नवा पोस्टमन वर येऊन सवयीने "आज काही नाही, बाई" म्हणाला आणि मग त्याला कळलं. पेटीत तिची पाच पत्रं होती आणि हांबुर्ग-न्यूयॉर्कची दोन. घड्याळ चालू होतं. त्या वेळच्या मालकाने गिलावा उकरायला माणसं लावली. मी नुसता बघायला गेलो होतो. खिळ्यांची भोकं मोजली. बावीस. तुळया धडधाकट निघाल्या, बुरशीचा ठिपका नाही. गिलाव्याचा ढीग अंगणात पडला आणि ट्रॉम्बोनवाल्याच्या नातवंडांची बकरी तो चाटत उभी राहिली.

लोक अजून म्हणतात, एकतीस नंबरात एक बाई होती, भिंतीला पाणी घालायची.

कुणी पाणी घालत नव्हतं. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत चुना गोठू नये म्हणून मी त्यात गुरांना चाटायला देतात ते मीठ घातलं होतं, दोन पोती. मिठाची भिंत हवेतलं पाणी ओढते आणि कधीच सुकत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि ती पाणी घालते, असं गुत्त्यात पहिल्यांदा म्हणालो तो मीच.